पानवाले काका

कंपनीच्या बसमध्ये नवीन माणूस चढला की पानवाले काका सरकून त्याला जागा द्यायचे आणि नाव-गाव विचारायच्या आधी विचारायचे, "तुमचं पान आहे का?" माणूस गोंधळायचा. काही जण खिसे चाचपायचे. स्टोअरला नव्याने आलेल्या साहेबांनी तर ओशाळून सांगितलं होतं, की मी तंबाखू सोडून सहा महिने झाले. काका म्हणाले, "चांगलं केलंत. पण मी इंटरनेटवरल्या पानाचं विचारायलो." त्यांना वेबपेज म्हणायचं असायचं. पान या शब्दाला पर्याय शोधायची गरज त्यांना कधी वाटली नाही. पुस्तकाला पान असतं, झाडाला असतं, तसं माणसालाही एक असावं, इतकं साधं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे निम्म्या कंपनीला शेवटपर्यंत वाटत होतं की त्यांची पिंपळे गुरवला पानाची टपरी आहे.

महाळुंग्याच्या फोर्जिंग कंपनीत ते फायनल इन्स्पेक्शनला होते. हजेरीपटावर त्यांचं नाव माधव होतं, पण ते वर्षातून एकदाच, दिवाळीची भेट वाटताना, ऐकू यायचं. हातोड्याखालून निघालेला माल थंड होऊन त्यांच्या टेबलावर यायचा. ते गेज लावायचे, व्हर्निअर लावायचे आणि हिरवा नाहीतर लाल टॅग बांधायचे. हिरवा बांधताना चेहरा जसा, तसाच लाल बांधताना. मी डिप्लोमा करून क्वालिटीला ट्रेनी म्हणून लागले तेव्हा त्यांच्याच टेबलाशी माझी नेमणूक झाली. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक वाक्य शिकवलं, "आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नसतं, अश्विनीताई. काय मोजलं ते लिहायचं असतं." मी बावीस वर्षांची होते आणि ते माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी शेवटपर्यंत मला अहो-जाहो करत राहिले.

ते मूळचे उदगीरकडचे. तिकडून निघाल्यावर भोसरी, दिघी, कासारवाडी असं करत अकरा भाड्याच्या खोल्यांत राहिले आणि मग पिंपळे गुरवला दोन खोल्यांचं घर घेतलं. अकराही घरमालकांची नावं त्यांना क्रमाने पाठ होती. एका मालकाने भिंतीला खिळा ठोकू दिला नाही म्हणून लग्नातला फोटो दोन वर्षं पेटीत राहिला होता, हे ते कोणालाही, कसलाही राग न दाखवता सांगायचे. इंटरनेटबद्दलचं त्यांचं सगळं तत्त्वज्ञान या खिळ्यातून आलं होतं. लोक मोबाइलवर फोटो टाकतात, कविता टाकतात, चार माणसं वाहवा करतात, हे त्यांना मान्य होतं. "पण खिळा कोणाला विचारून ठोकायलात?" एवढंच ते विचारायचे.

त्यांचं स्वतःचं पान मात्र खरोखर स्वतःच्या घरात होतं. कंपनीच्या भंगारातून घेतलेला एक जुना कॉम्प्युटर त्यांनी देवघराशेजारच्या फळीवर ठेवला होता आणि केबलवाल्याकडून कायमचा पत्ता घेऊन तो इंटरनेटला जोडला होता. केबलवाल्याने विचारलं होतं, "घरात ऑफिस चालवता का काका?" काका म्हणाले, "नाही. एक पान आहे." केबलवाल्याने अर्जावर तसंच लिहिलं. सर्व्हर हा शब्द त्यांना भपकेबाज वाटायचा, ते मशीन म्हणायचे. आमच्या भागात गुरुवारी वीज जायची आणि त्यांची वेबसाइटही जायची. पानाच्या तळाशी त्यांनी लिहून ठेवलं होतं, "गुरुवारी बंद". मी हसले तर म्हणाले, "न्हाव्याचं दुकान बंद असतं तेव्हा कोण हसतं का?" एकदा काकूंनी मिक्सर लावायला त्या मशीनचा प्लग काढला. दुसऱ्या दिवशी पानावर सूचना होती, "काल सकाळी चटणीमुळे बंद होते. क्षमस्व."

त्या पानावर काय होतं म्हणाल, तर मोजमापं होती. इन्स्पेक्शनवाला माणूस घरी आल्यावर जे मोजेल ते. दररोज एक वस्तू आणि तिचं माप. भाकरीची जाडी, काकूंच्या बांगडीचा आतला व्यास, शेजारच्या बाळाची करंगळी, पवना नदीच्या पुलावरच्या कठड्याला आलेला गंज. एक नोंद मला अजून पाठ आहे, "आजची भाकरी ४.२ मिमी. कालची ३.८. कारण पाहुणे." वर ना फोटो, ना जाहिरात. कोणी आवडलं म्हणून अंगठा दाखवायचं म्हटलं तर त्याची सोयच नव्हती. मी विचारलं, "काका, हे रोज किती लोक बघतात?" ते म्हणाले, "नऊ." आणि तेच पुढे म्हणाले, "नऊ लई झाले. आमच्या पुढच्या खोलीत नऊ माणसं आली तर बसवू कुठं?"

माझी गोष्ट तेव्हा वेगळी होती. मी चित्रं काढायचे. बसमधली पेंगलेली माणसं, कँटीनची रांग, भट्टीसमोरचे कामगार, असं काहीबाही मोबाइलवरच बोटाने काढायचे आणि एका मोठ्या साइटवर टाकायचे. चार वर्षांत तिथे हजारो लोक माझ्या मागे जमले होते. ओळखीपाळखीत मला त्यामुळे थोडा भाव होता आणि, खरं सांगायचं तर, काकांच्या नऊ माणसांची मला कीव यायची. मोबाइलमधली जागा भरली की मी जुनी चित्रं पुसून टाकायचे. तिकडे आहेतच की, असं वाटायचं.

मग एका सोमवारी माझं खातं बंद झालं. मी भट्टीवरच्या कामगाराचं चित्र टाकलं होतं. उन्हाळ्यात भट्टीसमोर माणूस जसा असतो तसा तो कमरेपर्यंत उघडा होता. त्या साइटच्या कुठल्याशा यंत्राला ते अश्लील वाटलं. मी अर्ज केला. उत्तर आलं, "आपण आमच्या समाजाचे नियम मोडले आहेत." मी दुसरा अर्ज केला, तिसरा केला, एकूण अकरा केले. अकराही वेळा तेच वाक्य आलं, त्यातला पूर्णविरामही हलला नाही. ज्याच्याशी भांडावं असा एक माणूस तिकडे नव्हता. मी टेबलावर येऊन बसले आणि काकांना सांगितलं. माझी अपेक्षा होती की ते आता खिळ्याबद्दल बोलतील. त्यांनी फक्त विचारलं, "मूळ प्रत कुठं आहे?"

"तिथेच होती," मी म्हणाले.

त्यांनी हातातलं गेज खाली ठेवलं. दुपारच्या सुट्टीत त्यांनी आपल्या डब्यातली शेंगाची पोळी अर्धी करून माझ्यासमोर ठेवली. मी रडत होते आणि ते समोर बसून सावकाश जेवत होते. त्या दिवशी मला तेवढंच पुरेसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला दोनशे पानी वही आणायला सांगितली. कॉम्प्युटर नाही, वही. वेबपेज ज्या खुणांनी लिहितात त्या त्यांनी मला बसमध्ये पेन्सिलीने शिकवल्या. पिंपळे गुरव ते महाळुंगे तास-सव्वा तास लागायचा, मोशीला ट्रॅफिक तुंबलं तर दोन. "प्रत्येक खूण म्हणजे एक दार. दार उघडलं की बंद करायचं. आधी आतलं बंद करायचं, मग बाहेरचं." दार न लावता मी पुढे गेले की ते लाल पेनाने गोल करायचे. महिनाभराने त्यांनी वहीच्या एका पानाला हिरवा टॅग बांधला आणि ते पान रविवारी त्यांच्या घरी बसून मी मशीनवर चढवलं. त्यावर एकच चित्र होतं, तोच भट्टीवरचा कामगार, आठवून पुन्हा काढलेला. यावेळी कागदावर. पहिल्या दिवशी ते चौघांनी पाहिलं. त्यातली दोघं मी आणि काका. तरी त्या संध्याकाळी मी चालत घरी गेले तेव्हा मला कोणाच्या तरी नजरेतून उतरल्यासारखं वाटणं थांबलं होतं.

त्या मशीनवर हळूहळू एक्केचाळीस माणसांची पानं झाली. एकेका माणसामागे काकांनी किती रविवार घालवले असतील कोण जाणे. गेटवरचे गाडेमामा चाकणचेच. त्यांना पंचक्रोशीतल्या लग्नांचं आमंत्रण असायचं, तेव्हा त्यांनी मंगल कार्यालयांतल्या जेवणांवर पान काढलं. "मठ्ठा पातळ. जिलबी कालची. पंगत वेळेवर बसली. वाढपी नम्र." अशा धर्तीवर. एकदा एका कार्यालयाचे मालक मोठ्या गाडीतून कंपनीच्या गेटवर आले आणि हे कोण लिहितं म्हणून गरजले. "मीच लिहितो," गाडेमामा म्हणाले, "पर आदी रजिस्टरला गाडीचा नंबर टाका." मालक मग काकांकडे गेले. मशीन तुमचं आहे, तुम्ही काढून टाका, म्हणाले. काका म्हणाले, "मशीन माझं आहे, पान त्यांचं आहे." मालकांनी बराच वेळ आरडाओरडा केला. शेवटी गाडेमामांनी त्यांना सांगितलं, की पुढच्या लग्नात ताजी जिलबी द्या, मी तसं लिहीन. मालकांनी दिली आणि मामांनी लिहिलं.

कँटीनमध्ये चपात्या लाटणाऱ्या सुमनबाई नांदेडकडच्या. त्यांचे शब्द इथल्या बायकांना कळायचे नाहीत, त्यावरून हसणं व्हायचं, म्हणून त्या कमी बोलायच्या. काकांनी त्यांना सुचवलं की ज्या शब्दांना हसतात तेच लिहा. तेव्हापासून त्यांच्या पानावर रोज एक शब्द यायचा. कोरड्यास म्हणजे कालवण, माळवं म्हणजे भाजीपाला, उलसं म्हणजे थोडंसं. सुरुवातीला त्या सांगायच्या आणि मी लिहून घ्यायचे. "कडुसं म्हणजे काय हो?" मी विचारलं तेव्हा हातातलं लाटणं थांबवून त्या विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, "दिस बुडालाय, पण समोरून येणारा आपला हाय का परका हाय ते कळतंय, तेवढा उजेड." मी तसंच्या तसं लिहिलं. ताथवड्याच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकबाईंनी ते वाचून त्यांना पत्र पाठवलं. सुमनबाईंनी ते मला चार वेळा वाचायला लावलं आणि पाचव्यांदा स्वतः वाचलं.

काका निवृत्त झाले आणि त्यानंतर तीन वर्षांनी त्यांच्या मशीनची डिस्क गेली. त्यांच्याकडे दुसऱ्या डिस्कवर सगळ्यांची प्रत होती, म्हणून काही हरवलं नाही, पण पूर्ववत व्हायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत त्यांना एक्केचाळीसपैकी बहुतेकांचे फोन आले. कोणी विनवलं, कोणी रागावलं. एकाने तर तुम्ही जबाबदारी घेता कशाला म्हणून सुनावलं. मीही फोन केला होता. माझ्या पानाचा पत्ता मी एका पुस्तकाच्या कामासाठी कोणाला तरी दिला होता आणि नेमकं तेव्हाच ते बंद होतं. मी म्हणाले, "काका, निदान कळवायचं तरी." ते म्हणाले, "हाव, चुकलं."

पाचव्या दिवशी सगळं सुरू झालं आणि त्यांच्या पानावर त्या दिवशी माप नव्हतं, नोटीस होती. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी हे मशीन कायमचं बंद होईल. ज्याने-त्याने आपलं पान आपल्या नावावर, आपल्या जागी न्यावं. कसं न्यायचं ते दर रविवारी सकाळी माझ्या घरी शिकवलं जाईल.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. काकू भाजी निवडत होत्या. मी उभ्यानेच बोलायला लागले, की ही माणसं कामगार आहेत, ह्यांना जमणार नाही, इतक्या वर्षांचं लिहिलेलं बुडेल. तुम्हीच सगळ्यांना बोलावून आणलंत आणि आता बाहेर काढता?

"म्हणूनच काढायलो," काका म्हणाले. "चार दिवसांत मला किती जणांनी विचारलं, आमचं पान कधी देता? त्यांचं पान, आणि मी देणार. म्हणजे मी घरमालक झालो की."

"तुम्ही चांगले मालक आहात."

"सातवा पण चांगला होता. तो वारला आणि त्याच्या पोरांनी आठ दिवसांत खोली खाली करून घेतली." त्यांनी फळीवरच्या मशीनकडे पाहिलं. "डिस्कला स्पेअर होती, ताई. मला नाही."

मी म्हणाले, हा हेकटपणा आहे. आणखीही काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं, की नऊ वाचकांवर समाधान मानणाऱ्या माणसाला दुसऱ्यांचं काय बुडतं ते कळणार नाही, अशा अर्थाचं ते होतं. काकूंनी भाजी निवडणं थांबवलं. काका मला दारापर्यंत सोडायला आले आणि चप्पल घालेपर्यंत त्यांनी जिन्यातला दिवा लावून धरला.

त्यानंतर दोन महिने मी त्यांच्याकडे फिरकले नाही. माझं मला सगळं येत होतं, त्यांच्या रविवारांची मला गरज नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. पण सुमनबाई दर सोमवारी कँटीनमध्ये हकिगत सांगायच्या. कोण आलं, कोण कंटाळून गेलं, गाडेमामांनी पासवर्ड कसा गेट-रजिस्टरच्या मागे लिहिला आणि काकांनी त्यावर कसा लाल टॅग बांधला. एका सोमवारी त्या म्हणाल्या, "काल मी एकटीच गेल्ते. काकांनी मला एकटीलाबी तीन तास शिकवलं. तुमचं नाव घेतलं नाही, पर दार वाजलं की बघायले."

शेवटच्या रविवारी मी गेले. पुढच्या खोलीत पंधरा-वीस माणसं दाटीने बसली होती. काकांच्या हातात यादी होती. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि जणू मी कालच येऊन गेल्यासारखं म्हणाले, "बसा. तुमचं नाव राहिलं होतं." मी माझं पान आधीच हलवलं होतं, तसं सांगितलं. त्यांनी आपल्या मोबाइलवर ते उघडलं, वरून खालपर्यंत पाहिलं, एका ठिकाणी लावायचं राहिलेलं दार दाखवलं आणि नावापुढे खूण केली. मला माफी मागायची होती. मी "काका" म्हणाले, आणि ते म्हणाले, "आधी पोहे खा, गार व्हायलेत."

एक्केचाळीसपैकी एकोणीस जणांनी आपली पानं नेली. बाकीच्यांना त्यांनी प्रत्येकाचं लिखाण एकेका पेन ड्राइव्हवर भरून, पाकिटावर नाव घालून घरपोच दिलं. काहींनी ती पाकिटं अजून उघडली नसतील. काकांना हे नुकसान वाटलं की नाही मला माहीत नाही. त्या रविवारी बारा वाजता त्यांनी मशीन बंद केलं, बटणाने, रीतसर. मग स्टूल घेऊन ते फळीवरून उतरवलं, स्क्रू काढले आणि आकाराप्रमाणे तीन वाट्यांत लावले. कोणी भाषण केलं नाही. गाडेमामा पोह्यांची चौकशी करत होते.

त्यानंतर काका-काकू उदगीरला मुलीकडे राहायला गेले. त्यांनीही आपलं पान आपल्या नावावर दुसरीकडे नेलं होतं आणि ते तिकडून मोजत राहिले. मी कंपनी सोडून पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागले होते. वर्षातून दोनदा फोन व्हायचा. मी दर वेळी त्या संध्याकाळचा विषय काढायचे आणि ते दर वेळी विचारायचे की मोशीचं ट्रॅफिक आता कसं आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी ते गेले. दोन दिवस दवाखान्यात होते. आम्हाला नंतर कळलं.

या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा, शुभांगीताईंचा, फोन आला. बाबांच्या पानाच्या इंटरनेटवरल्या नावाची मुदत संपत आली आहे म्हणून संदेश आला होता. ते पुढे चालू ठेवायचं की कसं, हे त्यांना विचारायचं असेल असं मला वाटलं. मी लगेच म्हणाले, की तुम्ही काळजी करू नका, मी बघते, माझ्याकडे जागा आहे, माझ्या पानाशेजारीच ठेवते.

शुभांगीताई म्हणाल्या, "बाबांनी सांगून ठेवलं होतं, अश्विनीताई असंच म्हणतील. त्यांना नाही म्हणायचं."

"का?"

"ते काही सांगितलं नाही. ज्याला हवं असेल त्यानं मुदतीच्या आत वाचून घ्यावं, म्हणाले. आणि तुम्हाला एक विचारायला सांगितलं होतं."

"काय?"

"तुमचं चालू आहे का?"

मी खिडकीशी उभी होते. खाली कंपनीची बस थांबली होती आणि सकाळच्या शिफ्टची माणसं उतरत होती.

"आहे," मी म्हणाले. "रोज चालू आहे."

"बरं," शुभांगीताई म्हणाल्या, "तेवढंच होतं."